एक टोपी काढून बघ

सुकती लागून तास झाला.
माहुलच्या धक्क्याला बांधलेली होडी,
मागे आठ घोड्यांचं मशीन.
गुर्रर्र गुर्रर्र फट्. गुर्रर्र फट् फट्.
पाच घोडे पुढे निघालेत
आणि तिघं अजून नालबंदाच्या दारात.

मी म्हटलं, कार्बुरेटर गेला. नवीनच टाकू.
काथोडदादा काही बोलला नाही.
आधी त्यानं मशीनच्या मागून पडणारी
पाण्याची बारीक धार बोटावर घेतली.
कोमट. बरं.
मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला.
उघडा. तेही बरं.
रबरी फुगा दाबला. घट्ट होता.
मग शेंगदाणा तेलाच्या रिकाम्या बरणीत
थोडं पेट्रोल ओतून उन्हात धरलं
आणि म्हणाला, थांब जरा.

थांबलो.
पलीकडे रिफायनरीची चिमणी
भर दुपारी ज्योत पेटवून बसलेली, कुणासाठी कोण जाणे.
बरणीच्या तळाशी हळूहळू
एक गोल, जड, पारदर्शक थेंब जमला.
पाणी.
"बघितलंस? वरून कळत नाय."

टाकी रिकामी केली, धुतली, जाळी फुंकली,
दोरी ओढली. नवव्या झटक्याला उठलं.
गुर्रर्र गुर्रर्र फट्.

तेव्हा त्यानं वहिनीचा कोळंबी सोलायचा
पिवळा हातमोजा चढवला
आणि चालू मशीनच्या वरच्या प्लगची टोपी उपटली.
आवाज पडला एकदम,
होडी मरतेय असं वाटलं.
"म्हणजे हा काम करतो." टोपी परत लावली.
मग खालची उपटली.

काही झालं नाही.
तोच आवाज. तेच गुर्रर्र, तेच फट्.
टोपी त्याच्या हातात, आणि मशीनला पत्ताच नाही.

"काढला तरी फरक पडत नाय," दादा म्हणाला,
"म्हणजे हा आधीच बंद होता."

सहा वर्षं मी भिवंडीला
गोदामात खोके मोजत होतो.
गणपतीला यायचो, पापलेट खाऊन जायचो.
एक प्रश्न जिभेवर आला,
पेट्रोलसारखा कडवट.
"एकवीसचा पाना दे," दादा म्हणाला.
दिला.

प्लग काळा, ओला, चिकट.
जुन्या दातब्रशनं घासला,
फट मापली आधार कार्डाच्या कडेनं
(कार्ड माझं, त्याचं वहिनीनं कपाटात कुलपात ठेवलंय),
लावला.
फट् फट्.
दादानं आईवरून मशीनला एक शिवी दिली,
मग लगेच हात लावून कपाळाला लावला.

शेवटी सापडलं ते टोपीच्या आतच:
तारेच्या टोकाला मिठाची हिरवी बुरशी,
धरली की चुरा.
अर्धा बोट तार कापली,
तांबं उघडं पडलं, नवरीसारखं,
टोपी पिळून बसवली.

दोरी मला दिली. "तू ओढ."
तिसऱ्या झटक्याला
आठही घोडे एका वेळी उठले.
धक्क्यावरची कुत्री उठून पांगली.
मंद केलं की मध्येच एक उचकी राहिली होती अजून.
मी खाली वाकलो. दादा म्हणाला, राहू दे तेवढं,
वय झालंय त्याचं.

पण तोवर पाणी गेलं होतं.
पंखा चिखलाला लागायच्या आत मशीन बंद केलं,
पाय वर उचलला.
होडी कलून बसली.
चिखलात निवट्या उड्या मारायला लागल्या,
जणू आमचंच काहीतरी बघून.

हातमोजा उलटा करून वाळत टाकताना
दादा म्हणाला, माझ्याकडे न बघता,
"मशीन बंद पडलं ना खाडीत, मागच्या सालात,
मी एकटाच होतो.
एका वल्ह्यानं होडी पुढं जात नाय.
गोल फिरते."

मी पाना पुसला. परत पुसला.
रात्री नऊला पाणी येईल.